सव्वा महिन्याचा पट्टा

निनादने मुलगी घरी आणली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. चहाचा कप घ्यायला तिने हात पुढे केला आणि माझं वाचन सुरू झालं. उजवा हात डाव्यापेक्षा जास्त रापलेला, म्हणजे गाडी स्वतः चालवते आणि काच खाली ठेवते. कोपरं मऊ, म्हणजे अंगाला तेल लावायची सवय आहे. कातडीवर पिवळट झाक नाही. गोड कमी खात असावी.

"आई, ही शाल्मली चौगुले," निनाद म्हणाला. "आमच्याच ऑफिसात आहे, पूर-अंदाज विभागात."

"बस गं. साखर किती घालू?"

"बिनसाखरेचा चालेल, काकू."

बघा! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तुम्ही याला आगाऊपणा म्हणाल. खुशाल म्हणा. पण मी डॉक्टर वृषाली इनामदार, मिरजेतल्या ज्या प्रयोगशाळेत 'त्वचालेख' काढतात तिथली प्रमुख. सोळा वर्षांपूर्वी ते यंत्र ज्या चौघांनी जुळवलं त्यांतली एक मी. माणसाने तोंडाने काही सांगितलं की मला आधी शंका येते, आणि ती फेडायचं साधन माझ्या हातात असतं. ही सवय कोणाला लागली तर सुटत नाही.

यंत्राचं तत्त्व थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्वचेचा वरचा थर महिन्याभरात गळून जातो. तो काही लक्षात ठेवत नाही. त्याच्या खाली कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं असतं आणि तिथला एकेक धागा पंधरा-पंधरा वर्षं टिकतो. शरीर हे जाळं सतत थोडं थोडं विणत असतं, आणि ज्या दिवसांत तुम्ही जसे जगता तसं त्या दिवसांचं विणकाम होतं. रक्तात साखर जास्त असेल तर ती धाग्यांना चिकटते आणि धागे पिवळट, कडक होतात. उन्हाने ते तुटतात. धुरातले रेणू जाळ्यात अडकून बसतात. जागरणं केली की वीण विसविशीत पडते. आमचं यंत्र साबणाच्या वडीएवढं. हातावर टेकवलं की सात रंगांचा प्रकाश आत सोडतं, परत आलेला मोजतं आणि मागच्या पंधरा वर्षांचा पट काढून देतं. एकदा हाताच्या बाहेरच्या बाजूला लावायचं, एकदा आतल्या. बाहेरची बाजू ऊन खाते, आतली खात नाही. दोन्हींची वजाबाकी केली की माणूस किती दिवस घराबाहेर होता तेही निघतं.

तेलाबद्दल तर लोक मला भाजी घेतानाही गाठून विचारतात. "मॅडम, बदामाचं लावू की खोबरेल?" अहो, तेल आत जातच नाही. वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मध्ये चरबीचा गिलावा. करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलातलं लिनोलिक आम्ल त्या गिलाव्याला उपयोगी पडतं. खोबरेल पाणी उडू देत नाही. ऑलिव्हचं महागडं तेल काही जणांचा गिलावा उलट सैल करतं, पण ते सांगितलं की लोकांना राग येतो. गिलावा शाबूत राहिला की त्वचेची बारीक जळजळ थांबते, आणि ती थांबली की खालचं विणकाम शांतपणे होतं. म्हणजे तेल आत जात नाही, पण रोज तेल चोळून घेतलेले दिवस आत दिसतात. आम्ही त्याला 'शांत पट्टा' म्हणतो.

गिऱ्हाइकाला यातलं काही दाखवत नाहीत. त्याला एक आकडा मिळतो, त्वचेचं वय. मूळ पट वाचता येणारी माणसं अख्ख्या महाराष्ट्रात पाच-सहा असतील. पण तो आकडा लग्न जमवणाऱ्यांनी असा काही उचलला की आता पत्रिकेच्या आधी तो मागतात. 'कातडीची पत्रिका' हे नावही त्यांनीच पाडलं. बत्तीस वर्षांच्या निर्व्यसनी मुलाची कातडी सेहेचाळीसची निघाली की बोलणी तिथेच थांबतात. मला हे सगळं उत्तम वाटायचं. निदान फसवाफसवी तरी बंद झाली.

निनाद मात्र शाल्मलीला सोडून आला आणि सोफ्यावर बसता बसता म्हणाला, "आई, आमच्यात ते पत्रिका प्रकरण नको. मला काही तपासायचं नाहीये."

"बरं," मी म्हणाले.

माझं 'बरं' त्याला एकोणतीस वर्षांत कळलेलं नाही.

आठ दिवसांनी मी शाल्मलीला फोन केला. म्हटलं, सुनेला सासूचं काम काय असतं ते तरी माहीत हवं, ये बघायला. ती आली. प्रयोगशाळा दाखवली, माणसांची ओळख करून दिली, आणि मग अगदी सहज, "दाखवू का कसं चालतं?" म्हणून तिचा हात हातात घेतला. तिनेही हसत पुढे केला. चार मिनिटांचं काम.

"पंचवीस!" मी आकडा वाचून दाखवला. "वय अठ्ठावीस, कातडी पंचवीसची. अण्णांच्या घाण्याचं तेल दिसतंय हे."

तिच्या वडिलांचा भिलवडीकडे लाकडी घाणा आहे, करडई आणि तिळाचा. ती खूश झाली. आम्ही डबा एकत्र खाल्ला. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मूळ पट उघडला.

पट छान होता. साखर कमी, धूर जवळजवळ नाही, झोप बरी. मी मागे मागे जात राहिले. सात वर्षं, नऊ वर्षं. अकरा वर्षांपूर्वीच्या थरावर माझा हात थांबला.

तिथे एक शांत पट्टा होता. एकाएकी सुरू झालेला आणि एकाएकी संपलेला. रोज, नेमाने, भरपूर तेल. त्याच पट्ट्यात धूर, सिगारेटचा नव्हे, झाडपाल्याचा, रोज थोडा थोडा. त्याच दिवसांत बाहेरची आणि आतली बाजू तंतोतंत सारखी, म्हणजे उन्हाचा कवडसाही अंगावर पडलेला नाही. आणि झोप मात्र तुकड्या तुकड्यांची, दर दोन तासांनी मोडलेली. लांबी अडतीस दिवस, दोन-चार दिवस इकडेतिकडे.

यंत्राने खाली आपलं मत दिलं होतं: "उगम अनिश्चित. शक्यता: शेकोटीसह जंगल-सहल." ते मत ज्यांनी लिहून ठेवलं ती पोरं कुठल्या तरी परदेशी शहरात बसतात. त्यांना काय कळणार? मला कळलं. माझ्या बाळंतपणात माझ्या आईने मला असंच कोंडून ठेवलं होतं. सकाळी कोमट तिळाच्या तेलाने मालीश, मग कडकडीत पाणी, मग बाजेखाली शेगडी, आणि ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. खिडकीचं दारसुद्धा उघडू द्यायची नाही. रात्रभर निनाद दर दोन तासांनी रडायचा. असं सव्वा महिना. सव्वा महिना म्हणजे अडतीस दिवस.

अकरा वर्षांपूर्वी शाल्मली सतरा वर्षांची होती.

मी पट पुन्हा काढला. पुन्हा तेच. माझा एकुलता एक मुलगा, बाप गेल्यापासून ज्याला मी एकटीने वाढवलं, तो हसत हसत फसवून घ्यायला निघाला होता. मूल झालं होतं याचा मला तेवढा राग नव्हता. मी काही जुन्या काळातली नाही. लपवलं होतं याचा राग होता. आणि लपवलेलं मूल कुठे आहे, हा प्रश्न होता.

त्याचं उत्तर मला पुढच्याच रविवारी मिळालं, किंवा मिळालं असं वाटलं.

आम्ही चौगुल्यांच्या घरी गेलो. दारातच तिळाचा वास. अण्णा चौगुले उंच, वाकलेले, कमी बोलणारे. "या की, बसा. घाणा बघायचा का आधी? व्हय, आता मोटारीवर फिरतोय, बैल कुठला आणायचा?" भिंतीवर शाल्मलीच्या आईचा हार घातलेला फोटो. आणि आतून पळत आली ती एक मुलगी, दोन वेण्या, हातात पतंगाची फिरकी.

"ही रेवा," शाल्मली म्हणाली. "माझी धाकटी बहीण."

सतरा वर्षांच्या अंतराने बहीण. मी तिला जवळ बोलावलं, हातात चॉकलेट ठेवलं. "कितवीत आहेस गं? सहावीत? वा! आणि वाढदिवस कधी असतो?"

"बारा फेब्रुवारीला. आत्ता अकरा पूर्ण झाली."

माझ्या पटातला पट्टाही त्याच फेब्रुवारीत सुरू होत होता.

"आई कधी गेल्या यांच्या?" मी अण्णांना विचारलं. शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, एवढं माझ्या बाजूने सांगते.

"हिच्या वेळंलाच," अण्णांनी रेवाकडे पाहिलं. "दहाव्या दिवशी."

किती सोयीचं, असं माझ्या मनात आलं. हो, आलं. आई बाळंतपणात गेलेली, सांगायला कोणी उरलेलं नाही, बाळ मोठं होतंय बहीण म्हणून. जेवताना शाल्मली रेवाच्या ताटातले मिरचीचे तुकडे न बघता उचलत होती. ही बहिणीची सवय असते की आईची? मला पुरणपोळी गोड लागेना. निनाद तिकडे अण्णांना पुराच्या पाण्याची पातळी समजावून सांगत होता. त्याचा चेहरा इतका निवांत होता की मला त्याची दया आली.

परतताना गाडीत मी म्हणाले, "रेवा शाल्मलीसारखीच दिसते, नाही?"

"बहिणी आहेत, दिसणारच," निनाद म्हणाला.

आता एक गोष्ट उरली होती. हातावरच्या पट्ट्यावरून मी अंदाज बांधला होता. पुरावा हवा असेल तर तो पोटावर मिळतो. गरोदरपणात पोटाची त्वचा सहा-सात महिने ताणली जाते आणि धाग्यांची दिशाच बदलते. तेल लावून पोटावरच्या रेघा टळतात असं बायका म्हणतात. वरच्या टळत असतीलही, आतल्या धाग्यांची दिशा काही पूर्ववत होत नाही. पोटावर एकदा यंत्र टेकवलं की हो किंवा नाही, संपलं.

मी शाल्मलीला परत बोलावलं. फोनवर म्हणाले, मागच्या वेळी यंत्राचं कॅलिब्रेशन चुकलं होतं, पुन्हा घ्यावं लागेल. खोटं बोलताना माझा आवाज अजिबात हलला नाही.

ती दुपारी आली, ऑफिसातून परस्पर. मी तिला तपासणीच्या टेबलावर आडवं व्हायला सांगितलं.

"आडवं?" तिने विचारलं. "मागे तर खुर्चीवरच घेतलं होतं."

"या वेळी पोटावर घेऊ. तिथलं जास्त अचूक येतं."

पाण्याच्या आकड्यांवरून पूर कुठे येणार ते सांगणारी मुलगी ती. तिने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग पडद्याकडे. तिचा मागचा पट मी मूर्खासारखा उघडाच ठेवला होता. अकराव्या वर्षाच्या थरावर मी लाल खूण केली होती.

"हे माझं आहे?"

"अगं, ते असंच..."

"फेब्रुवारी-मार्च." तिने खालचे आकडे वाचले. "तेल. धूर. घरात कोंडलेली. झोप नाही." आणि मग तिचा चेहरा बदलला. "म्हणून तुम्ही रेवाचा वाढदिवस विचारलात."

मी पट बंद करायला हात पुढे केला.

"निनादला माहीत आहे, तुम्ही हे करताय ते?"

"त्याच्यासाठीच करतेय. आई आहे मी त्याची."

तिने दाराकडे पाहिलं. मला वाटलं निघून जाईल, आणि खरं सांगते, मला ते चाललं असतं. निघून गेली असती तर तेच उत्तर धरता आलं असतं. पण ती टेबलावर चढली, आडवी झाली आणि कुर्ता बरगड्यांपर्यंत वर घेतला.

"लावा," ती म्हणाली. "पण आधी ऐका. त्या अडतीस दिवसांत काय झालं ते मी तुम्हाला आपणहून सांगणार होते. आज नाही, लग्नानंतर कधीतरी, तुमची-माझी थोडी ओळख झाल्यावर. यंत्र लावलंत तर तुम्हाला आत्ता कळेल. नाही लावलंत तर मी सांगेन तेव्हा कळेल, आणि मी सांगेन त्यावर तुम्हाला विश्वास ठेवावा लागेल. दोन्ही मिळणार नाही."

"आत्ताच सांग ना मग."

"आत्ता सांगितलं तर मानाल?"

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. यंत्र माझ्या हातात होतं, आणि ते खाली ठेवायला ट्रे अगदी शेजारी होता. मी तो ट्रे पाहिला हे मला चांगलं आठवतं.

मग मी यंत्र तिच्या पोटावर टेकवलं.

चार मिनिटं लागतात. ती छताकडे बघत होती, मी पडद्याकडे. पट हळूहळू उमटला. धागे सगळे जिथल्या तिथे, एका दिशेने, तलम सुती कापडासारखे. तिथे काही ताणलं गेलेलं नव्हतं. या मुलीला मूल झालेलं नव्हतं.

आणि मी हसले. लाजिरवाणं आहे पण सांगते, मला इतकं मोकळं वाटलं की मी मोठ्याने हसले. "अगं, साफ आहे! काहीच नाही! शाल्मली, माफ कर हं मला, पण आता बघ, मनात किंतू राहिला नाही. आता माझ्याकडून सगळं..."

तिने कुर्ता खाली ओढला, उठून बसली. ओढणी घ्यायला हात लांब केला.

"रेवा सातव्या महिन्यात झाली," ती म्हणाली. "बाराशे ग्रॅम. आईला झटके आले होते, ती मिरजेला दवाखान्यात, शुद्धीवर नव्हती. बाळाला पेटीत ठेवलं होतं, आणि मग डॉक्टर म्हणाले की बाळाला कोणाच्या तरी उराशी धरून ठेवा, कातडीला कातडी लावून, दिवस-रात्र. घरात दुसरी बाई नव्हती. मी बसले. दहाव्या दिवशी आई गेली. बाळाला घरी आणलं तेव्हाही ते माझ्या ब्लाउजच्या आतच होतं. दोन-दोन तासांनी चमच्याने दूध."

ती ओढणीचं टोक नीट करत होती.

"आमच्याकडे मालीश करायला सुंदराक्का यायची. तिने दारातून बघितलं आणि म्हणाली, 'लेकरू हिच्या उरावर हाय, तर बाळंतीण हीच.' अण्णा म्हणाले, अगं ती पोर आहे. सुंदराक्का म्हणाली, 'बाळंतिणीगत जागतीया न्हवं? मग तिचं समदं बाळंतिणीगतच व्हायला पायजे, न्हाईतर ही पण जाईल.' तिने मला सव्वा महिना तेल लावलं, शेकलं, धुरी दिली. डिंकाचे लाडू खायला घातले. मी सतरा वर्षांची, आई गेलेली, मला नीट रडतासुद्धा येत नव्हतं, आणि एक बाई रोज सकाळी माझे पाय मांडीवर घेऊन तासभर चोळत बसायची. काकू, माझ्या सगळ्या आयुष्यात माझी तेवढी काळजी कोणी घेतली नाही. ते मला तुम्हाला सांगायचं होतं."

"आधी का नाही सांगितलंस?" एवढंच तोंडातून निघालं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

ती गेली. मी तो पट्टा पुन्हा पाहिला. माझं वाचन बरोबर होतं. तेल बरोबर, धुरी बरोबर, जागरण बरोबर, सव्वा महिना बरोबर. एकही आकडा चुकला नव्हता. शेकोटीची सहल म्हणणारं ते बिचारं यंत्र निदान 'अनिश्चित' तरी म्हणालं होतं.

निनाद संध्याकाळी आला तो बूट न काढता आत आला. मी तोंड उघडायच्या आधी त्याने हात वर केला.

"तिने मला सगळं सांगितलं. रेवाचं मला पहिल्यापासून माहीत होतं, आई. ते मला आज कळलेलं नाही. मला दुसरंच विचारायचंय. तू माझा पट किती वेळा काढलास?"

"तुझा कुठे..."

"दर दिवाळीला. अभ्यंगाला पाटावर बसवायचीस, तेल लावायचीस, मग हसत हसत ते यंत्र हाताला लावायचीस. 'बघू किती वर्षांचा झालास,' म्हणायचीस. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून. तू फक्त आकडा बघत होतीस का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," मी म्हणाले.

"इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी सिगारेट ओढायला लागलो. तू काही बोलली नाहीस, पण अचानक मला हॉस्टेलवरून काढून मामाकडे ठेवलंस. शेवटच्या वर्षी मला झोप यायची नाही, मनात नको ते यायचं. कोणाला बोललो नव्हतो. तू रजा टाकून पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिलीस. रोज रात्री पायाला तेल लावून दिलंस. आठवतं?"

"आठवतं."

"मी शाल्मलीला ही गोष्ट सांगितली होती. पहिल्या ओळखीत सांगितली होती. म्हटलं, माझ्या आईला न सांगता कळतं." त्याचा आवाज फाटला. "मला वाटायचं, तुला माझ्याकडे बघून कळतं."

"अरे, कसं कळलं याला काय महत्त्व आहे? मी आले ना धावत!"

"आलीस. पण एकदाही विचारलं नाहीस, निनाद, काय झालंय रे?"

मी त्याच्या दंडाला हात लावायला गेले. तो एक पाऊल मागे सरला. जाणूनबुजून नव्हे, चटका बसल्यासारखा. त्याच्याही ते लक्षात आलं आणि तो तसाच बाहेर पडला. लेकराने हात झटकावा असं मी काय केलं, हे त्या संध्याकाळी मला खरोखर कळत नव्हतं. मी त्याच्यावर चिडले होते. आता कळतं, आणि कळून फारसा उपयोग नाही.

लग्न ऑगस्टमध्ये झालं, नोंदणी कार्यालयात. मला बोलावणं शाल्मलीने केलं. निनादला ते नको होतं असं तिनेच मला सांगितलं, लपवलं नाही. रेवाने माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही कोपऱ्यात का उभ्या?" अण्णांनी नमस्कार केला. ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलले, म्हणजे फारसं बोललेच नाहीत. त्यांना माहीत होतं का, हे मला माहीत नाही.

प्रयोगशाळेचं माझं काम चालू आहे. घरचं यंत्र मी तिकडे नेऊन ठेवलं आणि निनादला तसं कळवलं. "ठीक आहे," असं उत्तर आलं. ते यंत्र खरंच नेलं की नाही हे त्याने तपासलं नाही. मी नेलं, असं म्हटलं, आणि त्याला ते मानावं लागलं.

यंदा मे महिन्यात दोघं दोन दिवस राहायला आली. बाहेर चव्वेचाळीस अंश. शाल्मली आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली, बिनबाह्यांच्या कुर्त्यात, आणि माझ्या शेजारी उभी राहून कांदा चिरायला लागली. तिचा उघडा हात माझ्या हाताला घासत होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मी मुद्दाम भांड्यात बघत राहिले.

निनाद जेवायला आला तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. पाठ घामाने भिजली होती.

"अरे, घरात तरी बाह्या दुमड," मी म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला.

शाल्मलीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पंखा वाढवला. मी पोळी वाढायला वाकले. त्याचा चेहरा जवळून पाहिला. गाल आत गेल्यासारखे वाटले. डोळ्यांखाली काळं होतं की ट्यूबलाइटची सावली होती? पुराचे दिवस जवळ आले की त्यांना रात्रपाळ्या असतात. की जुनंच काही परत आलंय? मला त्याच्या हाताची चार बोटं जागा हवी होती, चार मिनिटं. फक्त चार.

"निनाद," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "झोप होते ना रे तुझी?"

त्याने मान वर केली.

"होते," तो म्हणाला, आणि पोळीचा तुकडा मोडला.

मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. देवाशपथ, ठेवायचा होता. मी "बरं" म्हणाले आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. आमटी वाढता वाढता माझी नजर त्याच्या मनगटाकडे गेली, आणि त्याने हात हळूच मांडीवर घेतला.